सीमेपलीकडून हल्ला झाला, तर उत्तर किती मोठं असावं?

नीरक्षीर

सीमेपलीकडून हल्ला होतो, माणसं मरतात, काही दिवसांत लष्करी उत्तर दिलं जातं आणि त्याच रात्री वाहिन्यांवर दोन आकडे शेजारी शेजारी लागतात. यांचे किती गेले, त्यांचे किती गेले. दुसरा आकडा पहिल्याच्या कैकपट असला की 'अतिरेक', बरोबरीचा असला की 'संयम'. चर्चा तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. मला हा हिशेब मुळातच पटत नाही. तो खरा मानला, तर ज्या देशाने आपल्या माणसांसाठी आसरे, भोंगे आणि रॉकेटं हवेतच पाडणारी यंत्रणा उभी केली त्याला उत्तर देण्याचा हक्क कमी, आणि ज्याने लोकांना उघड्यावर सोडलं त्याला जास्त, असं म्हणावं लागेल.

मग मोजायचं कशाशी? एक जुनं प्रकरण सांगतो. १८३७ साली कॅनडात ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड झालं. बंडवाले नायगारा नदीतल्या नेव्ही आयलंड या बेटावर ठाण मांडून बसले होते आणि अमेरिकेच्या काठावरून 'कॅरोलाइन' नावाची छोटी आगबोट त्यांना माणसं आणि रसद पुरवत होती. २९ डिसेंबरच्या रात्री एक ब्रिटिश तुकडी नदी ओलांडून अमेरिकेच्या हद्दीत शिरली, तिने बोट ताब्यात घेतली, पेटवली आणि धबधब्याच्या दिशेने सोडून दिली. झटापटीत एक अमेरिकन मेला. अमेरिका या भांडणात तटस्थ होती, त्यामुळे मोठा गहजब झाला. पुढे १८४१ मध्ये परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी ब्रिटनला लिहिलेल्या पत्रातली अट आजही कायदेपंडित तोंडपाठ म्हणतात: गरज तातडीची असावी, दुसरा मार्ग नसावा, विचाराला उसंत नसावी, आणि हे सगळं असलं तरी केलेली कृती त्या गरजेच्या मर्यादेतच राहावी.

यात मेलेल्यांची बेरीज-वजाबाकी कुठेच नाही. रसद तोडायला बोट जाळणं पुरेसं होतं का? होतं. काठावरचं गाव जाळायची गरज होती का? नव्हती, आणि कुणी जाळलंही नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम ५१ स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करतं, पण बळ किती वापरावं याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ती मर्यादा रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यातून येते आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती लावून दाखवली आहे. माझ्या मते सगळ्यात बोलका निकाल डिसेंबर २००५ चा, काँगो विरुद्ध युगांडा. युगांडाचं म्हणणं, काँगोच्या पूर्वेकडून बंडखोर येतात आणि आमच्यावर हल्ले करतात. हल्ले होत होते हे खरंच. पण युगांडाचं सैन्य थेट किसांगानीपर्यंत गेलं. न्यायालय म्हणालं, सीमेवरचे हल्ले थांबवायला सीमेपासून शेकडो किलोमीटर आतले विमानतळ आणि शहरं घेणं प्रमाणात दिसत नाही आणि गरजेचंही दिसत नाही.

म्हणजे उत्तर मोजायचं ते झालेल्या नुकसानाशी नव्हे, तर ज्यासाठी ते दिलं त्या उद्देशाशी. आणि इथेच खरी अडचण आहे. 'अमुक तळ बंद पाडायचा', 'अमुक पट्ट्यातून रॉकेटं येऊ द्यायची नाहीत' हे उद्देश मोजता येतात. 'अद्दल घडवायची', 'कणा मोडायचा', 'मुळासकट उपटायचं' यांत कितीही बळ बसतं. उद्देश आधी आणि नेमका सांगितलेला नसेल तर उत्तर प्रमाणात आहे की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही, त्या देशाच्या सेनापतीलाही नाही. तुम्हाला काय वाटतं?

परखड

छान. म्हणजे आता शत्रूला मारायच्या आधी उद्देशाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत १६६ माणसं गेली. आपण लष्करी उत्तर दिलंच नाही, म्हणजे तुमच्या मोजपट्टीवर शंभर टक्के गुण. मिळालं काय? २०१६ ला उरी, २०१९ ला पुलवामा, २०२५ ला पहलगाम. समोरच्याला कळलं पाहिजे की किंमत मोजावी लागेल, आणि ती किंमत त्याच्या अंदाजापेक्षा जास्तच हवी. तो अंदाज बांधूनच हल्ला करतो. आपण त्याच्या अंदाजात बसणारं उत्तर दिलं तर त्याचा हिशेब चुकतच नाही.

रात्रपाळी

वाचतेय. कॅरोलाइनचं माहीत नव्हतं.

मृदुला_वि

नीरक्षीर, मांडणी आवडली, पण तुम्ही दोन कसोट्या एकाच पिशवीत भरताय. एक कसोटी अख्ख्या मोहिमेची: हल्ल्याला उत्तर म्हणून एवढं युद्ध गरजेचं होतं का. तुम्ही लिहिलंत ती. दुसरी प्रत्येक बॉम्बची, आणि ती पूर्ण वेगळी आहे. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये ती लिहिलेली आहे: एखाद्या हल्ल्यातून जो ठोस आणि थेट लष्करी फायदा अपेक्षित आहे, त्याच्या मानाने नागरिकांची हानी जास्त होणार असेल तर तो हल्ला करू नये. हा प्रोटोकॉल भारताने, अमेरिकेने, इस्रायलने, पाकिस्तानने, कुणीच स्वीकारलेला नाही, पण हा नियम रूढ कायदा म्हणून सगळ्यांवर बंधनकारक मानला जातो.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, इथे 'अपेक्षित' फायदा आणि 'अपेक्षित' हानी तोलतात. म्हणजे बटण दाबण्याच्या क्षणी त्या अधिकाऱ्यापुढे कोणती माहिती होती ते बघायचं. ढिगाऱ्यातून काय निघालं ते नंतरचं. दुसरी, मोहीम पहिल्या कसोटीवर पूर्ण न्याय्य असली तरी तिच्यातला एखादा हल्ला दुसऱ्या कसोटीवर गुन्हा ठरू शकतो. उलटही होतं. आक्रमक देशाचा सैनिक प्रत्येक गोळी नियमाने झाडू शकतो, म्हणून आक्रमण कायदेशीर होत नाही.

वाहिन्यांवरच्या भांडणात एक जण पहिल्या कसोटीबद्दल बोलत असतो आणि दुसरा दुसऱ्या. 'त्यांनी सुरुवात केली' हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. 'शाळेवर बॉम्ब का पडला' याचं ते उत्तर होऊच शकत नाही.

परखड

आणि त्या शाळेच्या तळघरात रॉकेटं असतील तर?

मृदुला_वि

तर ती शाळा लष्करी लक्ष्य होऊ शकते, आणि शाळेत रॉकेटं ठेवणाराही गुन्हेगार. पण वर्गात मुलं आहेत हे माहीत असताना त्यांचा जीव हिशेबातून बाद होत नाही. तोलायचं तेव्हाही असतंच. एका बाजूने नियम मोडला म्हणून दुसरीची सुटका होत नाही, हा या कायद्याचा पायाच आहे.

तोफखाना_माजी

नोकरीची बरीच वर्षं नियंत्रण रेषेवर गेली, म्हणून दोन शब्द. कलमं मला कळत नाहीत, पण प्रमाण म्हणजे काय हे तिथे रोज कळायचं.

नोव्हेंबर २००३ च्या शस्त्रसंधीआधी आणि पुढे ती विस्कटली तेव्हाही, दोन्ही बाजूंना एक शिडी ठाऊक होती. पहिली पायरी रायफल आणि मशीनगन. मग ८१ मिलिमीटरचे मॉर्टर, मग १२०. त्यानंतर फील्ड गन, आणि शेवटी १५५ ची मोठी तोफ. समोरच्याने कोणतं हत्यार बाहेर काढलं यावरून त्याला काय म्हणायचंय ते कळायचं. त्याच पायरीवर उत्तर दिलं तर भांडण त्या चौकीपुरतं राहतं. एक पायरी वर चढलात तर तुम्ही काहीतरी सांगताय. दोन पायऱ्या चढलात तर वरून फोन येतो.

परखड, तुम्ही म्हणता ते 'अंदाजापेक्षा जास्त' आम्हीही करायचो. पण एकच पायरी. समोरचाही तेवढंच करेल हे धरून, आणि आपल्या मागच्या गावात लोक राहतात हे लक्षात ठेवून. टीव्हीवर बोलणाऱ्याच्या मागे गाव नसतं.

कारगिलचंही सांगतो. १९९९ मध्ये हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा हुकूम होता. अरुंद पट्ट्यात, ठराविक दिशांनीच हल्ले करावे लागायचे, पलीकडचे रसदमार्ग तोडता यायचे नाहीत. त्या मर्यादेची किंमत आपल्या माणसांनी मोजली. ५२७ जवान गेले. तेव्हा आमच्यातले अनेक चिडले होते. पण उद्देश स्पष्ट होता, घुसखोरांना शिखरांवरून हटवणं, आणि रेषा न ओलांडल्यामुळे जग आपल्या बाजूला उभं राहिलं. जुलैत पाकिस्तानला माघार घ्यावी लागली ती वॉशिंग्टनच्याही दबावामुळे. संयम तिथे हत्यारासारखा कामाला आला. दर वेळी येईल असं नाही.

चकवा

प्रमाणात उत्तर म्हणजे काय याचं ताजं आणि जवळपास विनोदी उदाहरण जानेवारी २०२४ चं आहे. १६ तारखेला इराणने पाकिस्तानच्या बलुचिस्तानात क्षेपणास्त्रं टाकली, 'आमच्याकडे हल्ले करणारी जैश अल-अद्ल संघटना तिथे आहे' म्हणून. १८ तारखेला पाकिस्तानने इराणच्या सिस्तान-बलुचिस्तानात हल्ला केला, 'आमच्याकडे हल्ले करणारे बलुच बंडखोर तिथे आहेत' म्हणून. दोघांनीही सांगितलं की शेजाऱ्याच्या सैन्याशी वा जनतेशी आमचं वैर नाही. महिना संपायच्या आत राजदूत आपापल्या जागी परत आले आणि इराणचे परराष्ट्रमंत्री इस्लामाबादेत पाहुणचार घेत होते.

फिट्टंफाट. फक्त दोन्हीकडे बायका-मुलं मेल्याच्या बातम्या होत्या, त्यांची फिट्टंफाट कशी झाली ते कुणी विचारलं नाही.

परखड

ते दोघं भाऊ-भाऊ, त्यांची नुरा कुस्ती. दोघांनाही वाढवायचं नव्हतं. जिथे समोरच्याला तुम्ही अस्तित्वातच नको आहात, तिथे शिड्या आणि पायऱ्या चालत नाहीत.

लेबनॉनचं घ्या. १२ जुलै २००६ ला हिजबुल्ला या तिथल्या सशस्त्र संघटनेने सीमा ओलांडून तीन इस्रायली सैनिक मारले, दोन पळवले. इस्रायलने ३४ दिवस झोडपलं. लेबनॉनमध्ये हजाराहून जास्त लोक मेले, सगळं जग 'अतिरेक, अतिरेक' ओरडत होतं. आणि मग? हिजबुल्लाचा प्रमुख नसरल्लाने स्वतः मुलाखतीत कबूल केलं की एवढं होईल याची पुसटशी कल्पना असती तरी ते सैनिक पळवले नसते. पुढची सतरा वर्षं ती सीमा आधीच्या मानाने शांत राहिली. मृदुलाताई, ती सतरा वर्षं तुमच्या तराजूच्या कुठल्या पारड्यात?

नीरक्षीर

परखड, हे आतापर्यंतचं सगळ्यात वजनदार उदाहरण आहे, टाळत नाही.

पण त्याच युद्धात जाहीर उद्देश काय होता ते बघा. पळवलेले दोन सैनिक परत आणणं आणि हिजबुल्लाला सीमेवरून हटवून निःशस्त्र करणं. सैनिक युद्धाने परत आले नाहीत. जुलै २००८ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत त्यांचे मृतदेह मिळाले. हिजबुल्ला निःशस्त्र झाली नाही. तेच बजावणारा सुरक्षा परिषदेचा १७०१ क्रमांकाचा ठराव कागदावर राहिला आणि सतरा वर्षांत तिचा रॉकेटांचा साठा कितीतरी पटींनी वाढला. इस्रायलनेच नेमलेल्या विनोग्राड आयोगाने सरकार आणि लष्कराच्या निर्णयांवर कोरडे ओढले, आणि त्यात मुख्य आक्षेप हाच होता की नेमकं साध्य काय करायचंय हे न ठरवता युद्धात उडी घेतली.

शांतता मिळाली, खरं आहे. ती दहशतीतून मिळाली असंही मानू. पण मग 'दहशत बसवणं' हाच उद्देश होता असं उघड म्हणावं लागेल, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. दहशत बसवायला किती पूल, किती वीजकेंद्रं, किती वस्त्या पुरेशा? या प्रश्नाला उत्तर नाही. जेवढं जास्त तेवढी दहशत जास्त. ज्या उद्देशाला वरची मर्यादाच नाही त्याच्याशी प्रमाण कसं लावणार?

अर्धा_वकील

थोडी भर. 'दहशत बसवण्यासाठी उत्तर' याला जुन्या कायद्यात प्रतिशोध म्हणायचे आणि पहिल्या महायुद्धापर्यंत तो चालूनही जायचा. त्याची मर्यादा ठरवणारा निकाल फार मजेशीर प्रकरणात आला. ऑक्टोबर १९१४, अंगोला. पोर्तुगाल तेव्हा तटस्थ होता. शेजारच्या जर्मन वसाहतीतली एक तुकडी नाउलिला ठाण्यावर आली, दुभाष्या यथातथा, बोलण्यात घोळ झाला आणि गोळीबारात तीन जर्मन मेले. उत्तर म्हणून जर्मन सैन्याने पोर्तुगीज ठाण्यांवर एकामागून एक हल्ले केले. १९२८ मध्ये लवादाने जर्मनीला दोषी धरलं: आधी दाद मागितली नाही, आणि उत्तर मूळ घटनेच्या मानाने उघडच अवाजवी होतं.

नीरक्षीर, तेव्हा तुलना घटनेशीच केली होती हे लक्षात घ्या. 'नुकसानाशी तुलना करूच नये' हे तुम्ही जरा ताणलंय. हेगच्याच न्यायालयाचा २००३ चा तेलफलाटांचा, म्हणजे समुद्रातून तेल काढायच्या फलाटांचा, निकाल बघा. एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेची 'सॅम्युअल बी. रॉबर्ट्स' ही युद्धनौका पर्शियाच्या आखातात सुरुंगावर आदळली. नौकेचं मोठं नुकसान झालं, पण ती बुडाली नाही आणि कुणी मेलं नाही. चार दिवसांनी अमेरिकेने इराणचे दोन तेलफलाट उद्ध्वस्त केले, 'सहंद' ही फ्रिगेट बुडवली, आणखी एकीची वाट लावली. न्यायालयाने सांगितलं की सुरुंग इराणनेच पेरला हे सिद्ध झालेलं नाही. आणि झालं असतं तरी कुणी मेलं नाही आणि जे बुडालंही नाही अशा एका जहाजाच्या नुकसानाच्या बदल्यात एवढी मोठी मोहीम प्रमाणात बसत नाही. म्हणजे मूळ इजा किती हे न्यायाधीश बघतातच. गंमत म्हणजे एवढं म्हणूनही इराणला भरपाई मिळाली नाही, कारण खटला दोन देशांमधल्या मैत्रीकरारावर उभा होता आणि त्यातल्या व्यापाराच्या कलमाचा भंग झालेला नाही असं ठरलं.

परखड यांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो त्यांनी मांडला नाही म्हणून मीच मांडतो. प्रत्येक हल्ला छोटा असेल, पण वर्षानुवर्षं टोचण्या चालूच असतील तर? प्रत्येक टोचणीला सुटं उत्तर द्यायचं की सगळ्यांची बेरीज करून एकदाच? बेरीज अजिबात चालणार नाही असं न्यायालयाने म्हटलेलं नाही, पण 'चालेल' असं ठाम सांगणंही टाळलं आहे. सीमेपलीकडच्या संघटनांना नेमकी हीच फट सापडते. एकेक हल्ला युद्धाच्या उंबरठ्याखाली ठेवायचा.

रात्रपाळी

यावर मला एक विचारायचंय. बेरीज करायची तर सुरुवात कोणत्या तारखेपासून? प्रत्येक देश आपल्याला झालेल्या शेवटच्या जखमेपासून मोजतो आणि त्याआधी आपण काय केलं ते विसरतो. एप्रिल २०२४ मध्ये इराणने इस्रायलवर तीनशेहून जास्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली, कारण १ एप्रिलला दमास्कसमधल्या वकिलातीच्या इमारतीवर हल्ला झाला होता. इस्रायल म्हणणार त्यात बसलेले सेनाधिकारी आमच्यावर हल्ले घडवत होते. आणि हे मागे मागे जातच राहणार.

चकवा

रात्रपाळी, हाच तर धंदा आहे. प्रत्येक उत्तर पुढच्या माणसासाठी हल्ला असतं.

मृदुला_वि

आणि 'मोजून मापून' दिलेल्या उत्तराचीही एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. ३ जानेवारी २०२० ला अमेरिकेने बगदादला इराणचे सेनानी कासिम सुलेमानींना मारलं. ८ जानेवारीला इराणने इराकमधल्या अल-असद तळावर क्षेपणास्त्रं टाकली. आधी इराकला सूचना दिली होती, अमेरिकन सैनिक आसऱ्याला गेले होते, मेलं कुणी नाही. शंभरावर सैनिकांना मेंदूला धक्का बसल्याचं नंतर निष्पन्न झालं. सगळे म्हणाले, वा, किती संयमी उत्तर. त्याच पहाटे, अमेरिकेच्या प्रतिहल्ल्याच्या भीतीने सज्ज बसलेल्या इराणी हवाई संरक्षणाने तेहरानहून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं. १७६ माणसं गेली, त्यातली बरीचशी इराणीच.

आपल्याकडेही २७ फेब्रुवारी २०१९ ला, बालाकोटनंतरच्या सकाळी, बडगामजवळ आपलंच हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं. उत्तराचा आकार ठरवणाऱ्यांच्या कागदावर अशा मृत्यूंसाठी रकाना नसतो. माझ्या मते तो असायला हवा. दोन सज्ज सैन्यं समोरासमोर आणल्याचीही किंमत असते. २००१ च्या संसद हल्ल्यानंतरची 'पराक्रम' मोहीम आठवा. एकही लढाई झाली नाही, तरी सुरुंग पेरताना-काढताना आणि अपघातांत शेकडो जवान गेले.

परखड

मग घरी बसा. एवढंच उरतं.

तोफखाना_माजी

परखड, तसं कुणी म्हणत नाहीये. तुम्ही चिडलात ते समजू शकतो.

सडेतोड_०९

सगळे गाझावर येणं टाळताय, मी येतो. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. यानंतर कुठलाही देश गप्प बसला नसता. पण गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यानुसार २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत साठ हजारांवर माणसं मेली. यालाही 'उद्देशाशी तुलना करा' म्हणणार?

नीरक्षीर

हो, म्हणणार. आणि त्या तुलनेत इस्रायलची बाजू जास्त लंगडी पडते, आकड्यांच्या तुलनेपेक्षाही.

दोन मुख्य उद्देश जाहीर होते. हमासची लष्करी आणि शासकीय ताकद संपवणं, आणि ओलिसांना सोडवणं. दुसरा मोजता येतो. बहुतेक ओलीस वाटाघाटींतून सुटले, नोव्हेंबर २०२३, २०२५ ची सुरुवात आणि मग ऑक्टोबर २०२५. लष्करी कारवाईने जिवंत सोडवलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पहिला उद्देश मोजता येत नाही. शेवटचा माणूस, शेवटचं भुयार, शेवटची बंदूक कधी संपली हे कोण सांगणार? म्हणून युद्ध दोन वर्षं चाललं आणि कुठल्याही दिवशी 'आता पुरे झालं' असं म्हणता येईल अशी खूणच जागेवर नव्हती. त्यातून अन्न आणि औषधांची नाकेबंदी. हमासचं कुठलं भुयार पिठाच्या ट्रकने मजबूत होत होतं? ते कुठल्याच उद्देशाशी जुळवता येत नाही.

सडेतोड, तुम्ही आकडा पुढे केलात कारण तो अंगावर येतो. येतोच. पण समजा उद्या कुणी वीस माणसं मारून तेवढ्याच निरर्थकपणे एखादं गाव उपाशी मारलं, तर आकडा छोटा आहे म्हणून आपण गप्प बसू.

अर्धा_वकील

फक्त एक खुलासा, कारण हे सर्रास मिसळलं जातं. दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध हेगच्या न्यायालयात दाखल केलेला आणि जानेवारी २०२४ मध्ये अंतरिम आदेश निघालेला खटला वंशसंहार कराराखालचा आहे. उत्तर प्रमाणात होतं का, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे नाहीच. तिथे इराद्याचा प्रश्न आहे. उत्तर प्रमाणाबाहेर असूनही तो वंशसंहार नसू शकतो, आणि खरोखरच्या हल्ल्याला दिलेलं उत्तर असूनही वंशसंहार असू शकतो.

चकवा

नीरक्षीर, मग आता घरचं बोला. 'सिंदूर' तुमच्या पट्टीवर कुठे?

नीरक्षीर

पहिल्या रात्रीचं आणि नंतरच्या तीन दिवसांचं वेगवेगळं बोलावं लागेल.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली. ७ मेच्या रात्री नऊ ठिकाणांवर हल्ले झाले, बहावलपूर आणि मुरीदके धरून. सरकारने त्याच रात्री सांगितलं की कारवाई नेमकी, मोजकी आणि संघर्ष न वाढवणारी आहे, लक्ष्य दहशतवादी तळ आहेत, पाकिस्तानी लष्करी ठाण्यांना हात लावलेला नाही. उद्देश नेमका, लक्ष्यांची यादी बंद, थांबायची खूण आधीच ठरलेली. माझ्या पट्टीवर हे बसतं. त्या ठिकाणी नागरिक मेले का आणि किती, यावर दोन्ही देश दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ती मृदुला यांची दुसरी कसोटी आणि ती प्रत्येक ठिकाणाला सुटी लावावी लागेल.

त्यानंतर मात्र पट्टीच बदलली. पाकिस्तानचा गोळामारा सुरू झाला, पूंछमध्ये घरांवर तोफगोळे पडून माणसं आणि लहान मुलं मेली, ड्रोन आले, आणि १० मेपर्यंत आपण त्यांच्या हवाई तळांवर मारा करत होतो. त्या टप्प्यात उद्देश पहलगामशी जोडलेला राहिला नव्हता. तो समोरच्याच्या ताज्या हल्ल्याशी जोडलेला होता. तोफखाना_माजी यांची शिडी, फक्त सगळ्या पायऱ्या तीन दिवसांत.

मला काळजी पुढची आहे. त्याच १० मे रोजी सरकारी सूत्रांकडून सांगितलं गेलं की यापुढचा कोणताही दहशतवादी हल्ला ही युद्धाची कृती मानली जाईल. 'कोणताही' म्हटलं की निवड आपल्या हातात उरत नाही. दोन बंदूकधाऱ्यांनी ठरवायचं की दोन अण्वस्त्रधारी देश कधी लढणार.

परखड

इथे मी तुमच्याशी अर्धा सहमत. शब्द आधी देऊन ठेवू नये. उत्तर द्यावं, कधी आणि किती ते समोरच्याला कळू देऊ नये. पण बघा, हे तुमच्या 'उद्देश आधी जाहीर करा' याच्या नेमकं उलट आहे.

तोफखाना_माजी

उलट नाही. कधी मारणार, कशाने मारणार हे लपवायचं. कुठे थांबणार हे कळवायचं. ७ मेच्या रात्रीही हल्ला झाल्यावर आपल्या डीजीएमओंकडून (लष्करी मोहिमांच्या महासंचालकांकडून) पलीकडे तसंच कळवायचा प्रयत्न झाला होता. १० तारखेला दुपारी साडेतीनच्या सुमारास पलीकडच्या डीजीएमओंचा फोन आला आणि संध्याकाळी पाचपासून मारा थांबला. थांबायची जागा शिल्लक असली की फोन येतो. दोन्हीकडच्यांनी जिंकल्याचं आपापल्या लोकांना सांगितलं. चालायचंच.

रात्रपाळी

अर्धा_वकील, या सगळ्याचा निवाडा कधी हेगला होईल का? सिंदूरचा, बालाकोटचा?

अर्धा_वकील

जवळपास नाहीच. भारताने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य करताना दोन मोठे अपवाद ठेवले आहेत: राष्ट्रकुल देशांशी असलेले वाद, आणि सशस्त्र संघर्ष वा स्वसंरक्षणाशी संबंधित वाद. पाकिस्तानने एकदा प्रयत्न केला होता. ऑगस्ट १९९९ मध्ये, कारगिल संपून महिनाही झाला नव्हता, कच्छच्या सीमेजवळ आपल्या मिगने त्यांच्या नौदलाचं 'अटलांटिक' विमान पाडलं, सोळा जण मेले. पाकिस्तान हेगला गेला. विमान कुणाच्या हद्दीत होतं, पाडणं गरजेचं होतं का, यातल्या एकाही प्रश्नावर सुनावणी झाली नाही. जून २००० मध्ये न्यायालयाने राष्ट्रकुलाच्या अपवादावर बोट ठेवून 'आम्हाला अधिकार नाही' म्हटलं आणि प्रकरण मिटलं.

सडेतोड_०९

मग युगांडाचा निकाल तरी काय कामाचा?

अर्धा_वकील

युगांडाने पैसे भरायला सुरुवात केली आहे. काँगोने अकरा अब्ज डॉलरहून जास्त मागितले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ३२.५ कोटी डॉलर ठरले, दरवर्षी साडेसहा कोटींचे पाच हप्ते. निकारागुआने १९८६ मध्ये अमेरिकेविरुद्ध जिंकलं होतं. अमेरिकेने निकालच मानला नाही, सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला, आणि १९९१ मध्ये निकारागुआच्या नव्या सरकारने भरपाईचा दावा मागे घेतला.